बाहेरचं चाक

पर्यायांच्या यादीत सतराव्या ओळीवर आहे ते:
वळणावर गाडी कलू न देणारं सस्पेन्शन.
सहा लाख चाळीस हजार, कर वेगळा.
परिधी चौकसे चौकोनावर पेन टेकवून थांबलीय.
"सर, एक बार भेरूघाट ले चलो, फिर बोलना."

गेलो.
मागच्या अर्ध्या सीटवर परिधी, गुडघे आवळून,
शेजारी सुनीती, मांडीवर पोह्यांचा द्रोण.
सिमरोल मागे पडलं, रस्त्याने अंग वळवलं
आणि गाडी, काय सांगू,
फरशीवरून पाट सरकवावा तशी गेली.
आवाज नाही. कलणं नाही.
काचेतलं क्षितिज पाणसळ लावल्यासारखं जागच्या जागी.
पोह्यांवरची शेवसुद्धा घरंगळली नाही.

मी सांवेर रोडवर एकतीस वर्षं धर्मकाटे बनवले.
सोयाबीन, सरिया, लसूण,
एकदा तर सर्कशीचा हत्तीही, ट्रकासकट.
तेव्हा एवढं मला कळतं:
गाडी कलो न कलो,
वळणावर वजन बाहेरच्या चाकावर जातंच.
हे यंत्र ते थांबवत नाही,
फक्त दिसू देत नाही.
चार चाकांखाली माझे चार काटे ठेवा,
निघेल ती पावती खरं बोलेल.

परिधीला हे सगळं समजावलं.
ती म्हणाली, "पर सर, फील तो नहीं होता ना."

नाही होत.
श्रीरंगने भागीदारी मोडली त्या मार्चात
मीही असाच गेलो होतो वळणावरून.
ऑर्डरी वेळेवर, पगार सात तारखेला,
त्याच्या मुलीच्या लग्नात पहिल्या पंगतीला वाढायलासुद्धा उभा.
लोक म्हणाले, वाखले तसूभर हलला नाही.
सुनीतीचे केस त्याच वर्षी पांढरे झाले.
मी ते वयाच्या खात्यावर टाकलं.
बाहेरच्या बाजूला कोण होतं,
कधी काट्यावर चढवून पाहिलं नाही.

हिशेबाने पाहिलं तर नकोच.
बॅटरीचं सगळं ओझं तळाशी,
ही मुळातच कमी कलते.
आणि इंदुरात वळणं आहेत कुठे? गतिरोधक आहेत.
बिघडलं तर सुटा भाग समुद्र ओलांडून येणार,
तोवर गाडी पोर्चमध्ये, वर जुनी चादर.
शिवाय ही सगळी यंत्रणा स्वतः चाळीस किलोची.
म्हणजे ओझं जाणवू नये म्हणून
आणखी ओझं.

पण खोटं कशाला बोलू,
चौथ्या वळणावर मी मोठ्याने हसलो होतो,
त्रेसष्टाव्या वर्षी, एकटाच असल्यासारखा.

परतीच्या चढावर परिधीने ते बंद करायला लावलं,
फरक कळावा म्हणून.
पुढच्याच डाव्या वळणाला
गाडीने खांदा टाकला,
द्रोण सांडला,
आणि सुनीती, पट्टा असूनही, माझ्या कोपरावर आली.
तिथेच राहिली थोडी, वळण संपल्यावरही.
म्हणाली, "आत्ता कळलं, वळलो ते."

शोरूममध्ये चहा आला. शेव टिपायला फडकं आलं.
परिधीने पेन पुढे केलं,
मी ते सुनीतीकडे सरकवलं.
तिने चश्मा लावून सतरावी ओळ दोनदा वाचली.
"हे कायमचं बंद ठेवता येतं?"
"जी मॅडम, बटन है ना."
"मग बंद ठेवायचे सहा लाख कशाला?"

आणि पान उलटून
रंगांपाशी आली.
मी मनात राखाडी धरला होता, मळखाऊ.
तिने पिवळ्यावर खूण केली,
जिलबीच्या पिवळ्यावर.

परिधीने माझ्याकडे पाहिलं. "सर, पक्का?"

मी चहाची बशी शोधत होतो.